सिग्नल वाऱ्याचा, मार पाण्याचा

7 नोव्हेंबर 2013. फिलिपाइन्समधल्या ताक्लोबान शहरात लख्ख ऊन पडलं होतं. आपल्याकडे भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. वादळ येतंय हे ताक्लोबानमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो टीव्हीवर आले. वादळ भयंकर आहे आणि काही किनाऱ्यांवर 5 ते 6 मीटर उंचीच्या लाटा येऊ शकतात, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी छपराचे पत्रे बांधून घेतले, तांदूळ-पाणी भरून ठेवलं. अनेक घरांतली बायकामुलं शाळांमध्ये जाऊन झोपली. घर राखायला कर्ता पुरुष मागे राहिला, कारण वादळानंतर चोऱ्या होतात हाही जुना अनुभव होता.

या तयारीत वेडेपणा काहीच नव्हता. पण ती सगळी वाऱ्याची तयारी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं मेली ती मुख्यतः पाण्याने.

फिलिपाइन्सला वादळाचं अप्रूप नाही. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश पश्चिम प्रशांत महासागराच्या तोंडावर उभा आहे. वर्षाला सरासरी वीसेक वादळं त्याच्या सागरी हद्दीत येतात आणि त्यातली आठ-नऊ जमिनीवर चढतात. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच तिथे टायफून म्हणतात. जात एकच, फक्त समुद्र बदलला की नाव बदलतं. नावांचा घोळ इथे संपत नाही. जगाने या वादळाला 'हैयान' म्हटलं. हे चिनी नाव एका समुद्रपक्ष्याचं आहे. फिलिपाइन्सची हवामान संस्था मात्र स्वतःच्या यादीतून वेगळं नाव देते, म्हणून तिथल्या लोकांच्या तोंडी ते 'योलांदा' आहे. संस्थेचं संक्षिप्त नाव 'पागासा', आणि तागालोग भाषेत त्याचा अर्थ होतो 'आशा'. हवामान खात्याला इतकं नेमकं नाव दुसऱ्या कुठल्या देशाने दिलं असेल असं वाटत नाही.

हैयान किती मोठं होतं? जपानच्या हवामान संस्थेने दहा मिनिटांची सरासरी काढून वाऱ्याचा वेग ताशी 230 किलोमीटर धरला. अमेरिकी नौदलाशी जोडलेलं केंद्र एका मिनिटाची सरासरी घेतं, त्याचा अंदाज होता ताशी 315. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. मोजमाप कुठलंही घ्या, जमिनीवर धडकताना इतका जोर असलेली वादळं नोंदींमध्ये फारच थोडी सापडतात. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग'चा वेग ताशी 110-120 किलोमीटरच्या घरातला होता. त्या वाऱ्याने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या सुपारीच्या बागांचं काय केलं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो.

एवढा जोर आला कुठून, याचं उत्तर समुद्राच्या पोटात आहे. वादळाचं इंधन म्हणजे कोमट पाणी. एरवी वादळ समुद्र घुसळतं, तळातलं थंड पाणी वर आणतं आणि स्वतःचंच इंधन तोडतं. चुलीवरच्या भांड्यातलं पाणी उतू जाऊन विस्तव विझावा, तसं. फिलिपाइन्सच्या पूर्वेला त्या आठवड्यात कोमट पाण्याचा थर खोलवर गेलेला होता. कितीही घुसळलं तरी वर कोमटच पाणी येत होतं. त्यात हैयान ताशी 40 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत होतं. एका जागी रेंगाळून पाणी गार करायला त्याला वेळच नव्हता. वरच्या थरातले वारेही आडवे आले नाहीत, त्यामुळे वादळाची घडी विस्कटली नाही. वादळाच्या मध्याचा हवेचा दाब 895 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. समुद्रावर एरवी तो 1010 च्या आसपास असतो.

हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की समुद्राचं पाणी साधारण एक सेंटिमीटर वर उचललं जातं. म्हणजे 115 ने दाब घटला तर पाणी सव्वा मीटरही चढत नाही. मग ताक्लोबानमध्ये पाच-सहा मीटर पाणी आलं ते कसं?

घरातली मोठी परात घ्या. तिच्यात दोन बोटं पाणी ओता आणि एका कडेने जोरात फुंकर मारा. समोरच्या कडेला पाणी चढतं. हीच फुंकर पाण्याने भरलेल्या हंड्यावर मारून बघा. पृष्ठभाग थरथरतो, पण पाणी एका बाजूला साचत नाही, कारण वरून ढकललेलं पाणी खालून परत यायला जागा असते. परातीत ती जागा नसते. उथळ समुद्राचं असंच आहे. वारा जितका जोरदार आणि पाणी जितकं उथळ, तितका किनाऱ्यावरचा फुगवटा मोठा. आता नकाशा काढून लेयते आणि सामार ही दोन बेटं बघा. त्यांच्या मधोमध लेयतेचं आखात आहे. ते उत्तरेकडे निमुळतं होत सान पेद्रो उपसागरात शिरतं आणि शेवटी सान हुआनिको नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत संपतं. हे नरसाळं दक्षिणेला उघडं आहे, आत उथळ होत जातं आणि टोकाला बंद झाल्यासारखंच आहे. ताक्लोबान बसलंय नेमकं त्या टोकाशी.

याच आखाताच्या काठी, पालोच्या किनाऱ्यावर, 20 ऑक्टोबर 1944 रोजी जनरल मॅकआर्थर गुडघाभर पाण्यातून चालत उतरले होते. सैन्य उतरवायला सोयीची असते ती सपाट, हळूहळू खोल होत जाणारी वाळू. समुद्राला वर चढायलाही तीच सोयीची असते.

8 नोव्हेंबरला पहाटे 4 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास हैयान सामारच्या दक्षिण टोकाला, गिवान इथे, जमिनीला लागलं. सातच्या सुमारास ते ताक्लोबानच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, तोलोसाजवळ लेयतेवर चढलं. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे वादळाचा डोळा जवळ येईपर्यंत ताक्लोबानवर उत्तरेकडून वारा होता. त्याने उपसागरातलं पाणी बाहेर ढकललं आणि किनारा उघडा पडला. डोळा पुढे सरकला, वारा फिरून आग्नेयेकडून येऊ लागला. बाहेर ढकललेलं पाणी तर परत आलंच, त्याबरोबर आखातातलं पाणीही नरसाळ्यातून आत रेटलं गेलं. पाणी भरतीसारखं हळूहळू चढलं नाही. काही मिनिटांतच ते गुडघ्याचं छातीला आणि छातीचं छपराला गेलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. त्यात उपटलेले खांब, फाटलेले पत्रे, मोटारी आणि घरांची लाकडं मिसळली की ते पाणी उरत नाही, ते वाहतं भंगार होतं. किनाऱ्यालगतची घरं बांबूची, निपा नावाच्या माडाच्या झापांची, फार तर हलक्या लाकडाची आणि पत्र्याची होती. ताक्लोबानचा विमानतळ सान होसे भागात, समुद्रात शिरलेल्या एका सपाट जिभेवर आहे. त्याच्या आजूबाजूला दाट वस्ती होती. ती जवळजवळ पुसली गेली. शहराचं मोठं सभागृह 'ॲस्ट्रोडोम' हे आसरा केंद्र होतं. त्याचं छप्पर वारा सोसेल अशा हिशेबाने लोकांना तिथे नेलं होतं, आणि छप्पर बऱ्यापैकी टिकलंही. पण इमारत पाण्याच्या अगदी कडेला होती. वरच्या पायऱ्यांवर चढले ते वाचले, तळाच्या खोल्यांत अडकलेल्यांना ती वेळ मिळाली नाही. अनिबोंग भागात मोठमोठी मालवाहू जहाजं झोपड्यांवर येऊन बसली. त्यातल्या 'एवा जोसलिन' या जहाजाचा नाळेकडचा भाग आजही तिथेच आहे. बाकीचं जहाज कापून नेलं आणि उरलेल्या तुकड्याचं स्मारक केलं.

सामारच्या पूर्व किनाऱ्यावर हेर्नानी नावाचं गाव आहे. तिथली गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते त्याहून भयाण. तिथे उथळ आखात नाही, समोर थेट खोल महासागर आहे. परातीचा नियम लावला तर तिथे फार पाणी चढायला नको होतं. किनाऱ्याजवळ रुंद प्रवाळखडक आहे, तो लाटा फोडतो, असाच सर्वांचा समज होता. पण त्या सकाळी कॅमेऱ्यात टिपलेल्या चित्रफितीत दिसतं, की पाण्याची एक सलग भिंत येते आणि समोरचं घर क्षणात उचलून नेते. व्होल्कर रोबर आणि जेरेमी ब्रिकर या संशोधकांनी 2015 मध्ये याची उकल मांडली. समुद्राच्या मोठ्या लाटा झुंडीने येतात, चार मोठ्या, मग चार लहान. खडकावर फुटताना या झुंडींचा ताल एकत्र होऊन त्यातून एक लांबलचक, संथ लाट तयार होते. खडक लहान लाटा मोडतो, पण ही लांब लाट तो मोडत नाही, उलट तिला आणखी उचलून देतो. ज्या खडकाच्या भरवशावर गाव वसलं होतं, त्यानेच त्या दिवशी दगा दिला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

इशारा नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही. लेयते आणि सामारवर पागासाने सिग्नल क्रमांक 4 लावला होता. त्या वेळच्या यंत्रणेत त्याच्या वर सिग्नलच नव्हता. पण हा सिग्नल ठरायचा फक्त वाऱ्याच्या वेगावर. समुद्र जमिनीवर किती आत येणार, याचं उत्तर त्यात नव्हतं. ते होतं दोन इंग्रजी शब्दांत: 'स्टॉर्म सर्ज'. पत्रकांत, बातम्यांत, भाषणांत हे शब्द आले. ताक्लोबानच्या लोकांची भाषा वाराय. त्यांना या शब्दांतून काय बोध झाला? वादळात समुद्र खवळतो, लाटा उसळतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. स्टॉर्म सर्ज म्हणजे तेच असणार. नंतर कित्येक वाचलेले बातमीदारांना म्हणाले, "त्सुनामी येतेय असं सांगितलं असतं तर आम्ही डोंगराकडे पळालो असतो." त्सुनामी शास्त्रीयदृष्ट्या वेगळी गोष्ट, ती भूकंपातून येते. पण 2004 आणि 2011 ची दृश्यं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती, आणि त्या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर चित्र उभं राहत होतं. स्टॉर्म सर्ज या शब्दाबरोबर कुठलंच चित्र नव्हतं. पुढे तागालोगमधला 'दालुयोंग' हा शब्द जास्त वापरात आला. तो उशिराच आला.

आपल्याकडे काय म्हणाल? मराठीतला जवळचा शब्द 'उधाण'. पण उधाण तिथीला बांधलेलं असतं. ते अमावास्येला आणि पौर्णिमेला येतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, ती बेताचीच. 8 नोव्हेंबर 2013 ही कार्तिक शुद्ध षष्ठी होती. ताक्लोबानमध्ये कोळ्याचा पंचांगाचा हिशेब करून कोणी समुद्राकडे पाहिलं असतं, तर आज पाणी फार चढायचं नाही असंच म्हटलं असतं, आणि चंद्रापुरतं ते खरंही होतं. वादळाने चढवलेल्या पाण्याला चंद्राशी देणंघेणं नसतं. आपली पत्रकं 'वादळी लाटा', 'समुद्र खवळलेला राहील' असं लिहितात. हे वाचून कोणी घर सोडून उंचावर जाईल का? मला शंका आहे. 'समुद्र गावात शिरेल, इतके फूट पाणी येईल' हे वाक्य शब्दकोशात बसत नाही, पण समजतं.

याहून बोचणारी गोष्ट अशी, की समुद्राने असं करण्याची ही पहिली वेळ नव्हती. 12-13 ऑक्टोबर 1897 रोजी एका वादळाने जवळजवळ हाच मार्ग धरून सामार आणि लेयते ओलांडलं. हजाराच्या वर माणसं गेली. मनिला वेधशाळेतले जेझुइट पाद्री होसे आल्गुए यांनी त्याची तपशीलवार नोंद केली आणि पुस्तक छापलं. समुद्र आत कसा शिरला हेही त्यात आहे. ते पुस्तक स्पॅनिशमध्ये होतं. पुढे राज्यकर्ते बदलले, शाळांची भाषा इंग्रजी झाली, आणि पुस्तक ग्रंथालयांत राहिलं. 1912 च्या नोव्हेंबरात ताक्लोबान पुन्हा एकदा वादळात उद्ध्वस्त झालं. दोन-तीन पिढ्या उलटल्या की पाण्याची खूण भिंतीवरूनही जाते आणि बोलण्यातूनही. किनाऱ्यावरची मोकळी जागा मग स्वस्त वाटू लागते. 2010 च्या जनगणनेत ताक्लोबानची वस्ती दोन लाखांच्या वर गेली होती आणि तिचा मोठा भाग समुद्रसपाटीपासून पाच मीटरच्या आत राहत होता.

सरकारी मोजणीनुसार 6,300 माणसं मेली आणि 1,062 बेपत्ता राहिली. अकरा लाखांहून अधिक घरं पडली किंवा मोडली, त्यातली जवळपास निम्मी पूर्ण गेली. बाधितांचा आकडा 1 कोटी 60 लाखांवर गेला. ताक्लोबानच्या बास्पेर भागातल्या सामूहिक दफनभूमीत दोन हजारांहून अधिक मृतदेह पुरले आहेत. त्यांवर पांढऱ्या क्रुसांच्या रांगा आहेत. दरवर्षी 8 नोव्हेंबरला घरचे लोक येतात, कुठल्याही एका क्रुसाशी मेणबत्ती लावतात आणि त्यालाच आपला मानतात, कारण कुठल्या क्रुसाखाली कोण आहे हे कोणालाच माहीत नाही.

पहिले काही दिवस मदत पोचली नाही, यावर जगभर टीका झाली. ती रास्त होती, पण एक गोष्ट तिच्यात सुटते. मदत करायची कोणी? नगरपालिकेचे कर्मचारी, पोलीस, परिचारिका, शिक्षक, सगळे त्याच पाण्यात होते. पोलिसांपैकी मोजकेच कामावर येऊ शकले, बाकीचे आपली माणसं शोधत होते. फोन बंद, वीज बंद, रस्त्यांवर भंगार आणि प्रेतं, विमानतळाचं छप्पर गायब. भुकेलेला जमाव आलांगालांग गावातल्या सरकारी तांदळाच्या गोदामात घुसला आणि तिथली भिंत कोसळून आठ जण मेले. साहित्य येऊ लागल्यावर एक शहाणपणाची गोष्ट घडली. तैवानच्या त्झू ची या बौद्ध संस्थेने भंगार साफ करणाऱ्यांना दिवसाला 500 पेसो मजुरी दिली. आपल्याच गल्लीतला चिखल उपसायचा आणि संध्याकाळी पैसे घेऊन घरी जायचं. हातात रोकड आली, तसे छोटे दुकानदार माल मांडू लागले आणि बाजार हलला. फुकट वाटलेल्या पोत्यांनी एवढं होत नाही.

मेलेल्या माणसांचा आकडा बातमीत येतो. मेलेल्या माडांचा सहसा येत नाही. पण किनाऱ्यावरच्या गावाचं पुढचं दशक तोच ठरवतो. हैयानने सुमारे 3 कोटी 30 लाख माड पाडले किंवा निकामी केले. लेयते-सामार हा देशातल्या मोठ्या नारळपट्ट्यांपैकी एक. तिथला शेतकरी नारळ फोडून खोबरं वाळवतो आणि ते तेलाच्या गिरणीला विकतो. दर दोन-तीन महिन्यांनी हातात येणारा पैसा हाच. माड आडवा झाला की नवं रोप धरायला सहा ते आठ वर्षं जातात. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बागायतदाराला हे समजावून सांगायला नको, निसर्गनंतर त्याने हाच हिशेब बोटांवर मोजला आहे.

पडलेल्या झाडांचं काय करायचं, हा त्याहून निकडीचा प्रश्न होता. लाखो बुंधे रानात आडवे पडले होते. ते वेळेत चिरले तर घरबांधणीला लाकूड मिळतं. न चिरता पडून राहिले तर कुजतात, आणि कुजक्या बुंध्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. कोकणातला प्रत्येक माडवाला या भुंग्याला ओळखतो. तो माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो. म्हणजे वादळातून जे माड उभे राहिले होते, ते या पडलेल्या माडांमुळे धोक्यात आले. घर गेलेला शेतकरी हातात करवत घेऊन सडत्या बुंध्यांशी शर्यत करत होता, आणि यांत्रिक करवती पुरेशा नव्हत्या. माड येईपर्यंत मधल्या काळात काय पिकवायचं? भाजीपाला, मका, केळी. ज्याची स्वतःची जमीन होती त्याला हे जमलं. जो दुसऱ्याच्या बागेत वाट्याने राबत होता त्याच्यासाठी मालकाने नवे माड लावलेच पाहिजेत असा नियम नव्हता.

कोळ्यांचीही गत अशीच. तिथली नाव म्हणजे 'बांका'. अरुंद होडी आणि दोन्ही बाजूंना बांबूच्या दांड्या. आपल्या मालवणकडे होडीला एका बाजूने उलांडी असते, बांकाला दोन्हीकडे असते एवढाच फरक. अशा सुमारे 30,000 नावा फुटल्या किंवा वाहून गेल्या. देणगीदारांना नाव देणं आवडतं. फोटो चांगला येतो, नावेवर संस्थेचं नाव रंगवता येतं. म्हणून नावा पुष्कळ आल्या. काही गावांत आधी होत्या त्याहून जास्त झाल्या. समुद्रातले मासे मात्र वाढले नव्हते. जाळी, इंजिनं, बर्फाचा कारखाना, मासळी वाळवायची जागा आणि खरेदीदार यांच्यावर फोटो निघत नाहीत, त्यामुळे त्यांची वाट जास्त दिवस पाहावी लागली.

मग आला 40 मीटरचा नियम. किनाऱ्यापासून 40 मीटरच्या आत कोणी घर बांधायचं नाही, असं सरकारने जाहीर केलं. ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. पण पाणी 40 मीटरवर थांबलं नव्हतं, काही ठिकाणी ते किलोमीटरभर आत गेलं होतं. आणि ज्यांना हलवायचं ते होते कोळी. त्यांच्यासाठी शहराच्या उत्तरेला, समुद्रापासून दूर, वसाहती बांधायला घेतल्या. घरं हळूहळू तयार झाली, पण नळाला पाणी नव्हतं, टँकरवर भागवावं लागलं. सकाळी नावेवर जायला जीपनी या तिथल्या प्रवासी गाडीचं भाडं आणि संध्याकाळी यायला पुन्हा भाडं. त्यामुळे अनेकांनी दोन घरं चालवली, कागदावरचं डोंगराकडे आणि रोजचं पुन्हा पाण्याच्या काठी. यात दोष त्यांचा आहे असं मला वाटत नाही. मासेमाराला समुद्रापासून तोडलं आणि पोटाची दुसरी सोय केली नाही, तर तो समुद्राकडे परत येणारच.

सगळीकडेच असं घडलं असं मात्र नाही. सेबूजवळच्या कामोतेस बेटांना लागून तुलांग दियोत नावाचा एक चिमुकला तुकडा आहे. त्यावर हजारेक माणसं राहत होती. वादळाच्या आदल्या दिवशी पालिकेने सगळ्यांना मुख्य बेटावर हलवलं. सुमारे पाचशे घरं होती, ती सगळी गेली. माणूस एकही गेला नाही. त्या पालिकेत 'पुरोक' म्हणजे वाडी-वाडीची छोटी समिती वर्षानुवर्षं काम करत होती. वाडीतला ओळखीचा माणूस दारात येऊन म्हणाला "चला", म्हणून लोक गेले. आपल्या देशातलंही उदाहरण आहे. हैयानच्या फक्त चार आठवडे आधी, 12 ऑक्टोबर 2013 रोजी ओडिशावर 'फायलिन' आलं. दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा दोन आकड्यांतच राहिला. 1999 च्या वादळाने त्याच राज्यात सुमारे दहा हजार बळी घेतले होते. फायलिन हैयानएवढं जबर नव्हतं, त्यामुळे सरळ तुलना करणं अन्यायाचं होईल. पण ओडिशाला हे शिकायला चौदा वर्षं लागली आणि त्या वर्षांत आसरा इमारती, सराव आणि गावोगावचे स्वयंसेवक यांवर खर्च झाला, हे खरं.

फिलिपाइन्सही शिकला. डिसेंबर 2014 मध्ये 'हागुपित' वादळ सामारवरच आलं. या वेळी दहा लाखांहून अधिक माणसं आधीच हलली आणि मृतांची संख्या वीसच्या आसपास राहिली. पुढच्याच महिन्यात पोप फ्रान्सिस ताक्लोबानला आले. विमानतळावर त्यांनी पावसात, पिवळा रेनकोट घालून प्रार्थनासभा घेतली आणि आणखी एक वादळ येतंय म्हणून दौरा आटोपता घेऊन मनिलाला परतले. 2015 मध्ये पागासाने सिग्नल क्रमांक 5 सुरू केला. वादळाने चढणाऱ्या पाण्याचा स्वतंत्र इशाराही आता दिला जातो आणि त्यात पाण्याची उंची मीटरमध्ये सांगितली जाते. सिग्नल क्रमांक 5 मात्र वाऱ्याचाच आहे. टीव्हीच्या पट्टीवर आधी झळकतो तोच.

कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ तुमचं घर असेल, तर आपलं जोतं समुद्रसपाटीपासून किती फूट उंच आहे हे एकदा मोजून घ्या. आणि पुढच्या वादळाच्या बातमीत वाऱ्याचा वेग सांगून झाला, की पाणी किती फूट चढणार, हे विचारा.